हात जाईल तिथे बटन

आमच्या काकांनी आयुष्यात एकही बटन कंपनीने ठेवलं तिथे राहू दिलं नाही. जाफराबादच्या त्यांच्या दोन खोल्यांत पंख्याचं रेग्युलेटर भिंतीवर नव्हतं, खाटेच्या पायाशी होतं. कारण निजलेल्या माणसाचा हात भिंतीपर्यंत जात नाही, खाली लोंबतो. दिव्याचं बटन दाराच्या आत नव्हतं, बाहेर होतं. कारण माणूस बाहेरून येतो आणि अंधार आत असतो. त्यामुळे गल्लीतलं कुठलंही पोर येता-जाता दिवा घालवून पळायचं, आणि काकू ताटावरून न उठता त्या पोराच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची. काका अंधारातच पुढचा घास घेत. म्हणत, "पोराचा हात बराबर गेला का न्हाई बटनावर? मंग जागा बराबर हाय."

गल्ली त्यांना बटनकाका म्हणे. खरं नाव होतं, पण ते मी दोनदाच ऐकलं. एकदा त्यांच्या लग्नाची पत्रिका कुणीतरी मोठ्याने वाचली तेव्हा, आणि दुसऱ्यांदा दहाव्याला गुरुजींच्या तोंडून. दुसऱ्या वेळी क्षणभर मला वाटलं, गुरुजी दुसऱ्याच कुणाचं तरी करून राहिलेत.

मी त्यांचा पुतण्या. जालन्यात बियाण्याच्या एका गोडाऊनवर मालाची आवक-जावक बघतो, संध्याकाळी कंबर धरून घरी येतो, आणि घरच्या लग्नाबारशांत कुणी विचारो न विचारो, जुन्या गोष्टी सांगतो. बटनकाकांची गोष्ट इतक्यांदा सांगून झाली आहे, की मी घसा साफ केला की बायको वाळलेले कपडे पुन्हा वाळत घालायला जाते. म्हणून या खेपेला लिहून काढतोय. कागद निदान उठून जात नाही.

आमचं गाव हसनाबाद. घरातले सगळे कपाशीत आणि सोयाबीनमध्ये राबले; धाकट्या काकांनी मात्र आपल्या वाटणीचं रान माझ्या वडिलांना करायला दिलं आणि खांद्याला इलेक्ट्रिक गिटार लावून जाफराबाद गाठलं. तिथे कांतीशेठ होते. त्यांचं घराणं केव्हातरी राजस्थानातून येऊन इथलंच झालेलं, बाजारात कापडाचं दुकान, आणि गाण्याचा शौक असा की गिऱ्हाईक परत गेलं तरी चालेल, पण कडवं पुरं झालं पाहिजे. लग्नांसाठी त्यांनी ऑर्केस्ट्रा काढला होता आणि त्यात मुख्य गायक तेच होते. "आपल्या आवाजाला थोडा सपोर्ट पायजे भाऊ," असं म्हणून त्यांनी काकांना ठेवून घेतलं. ऐकणाऱ्यांचं मत होतं, की त्या आवाजाला आधार नको होता, आडोसा पाहिजे होता.

गिटार पांढरी होती, म्हणजे घेतली तेव्हा. पुढे घामाने, धुळीने आणि लोकांच्या हळदीने तिचा रंग जुन्या सायीसारखा झाला. तारांच्या खाली तीन बटनं: एक आवाजाचं, दोन सूर जाड-बारीक करायची. यातलं आवाजाचं बटन सगळ्यात बारीक तारेला अगदी खेटून होतं. वरातीत हात जोरात खालीवर व्हायला लागला की बोटं त्या बटनावर आपटत, ते फिरे, आणि नवरदेवाचे मित्र ऐन रंगात आलेले असताना गिटार गप्प. काका वाजवता वाजवता बटन चढवत, ते पुन्हा उतरे. "ज्यानं हे बटन इथं बशिवलं ना," ते म्हणत, "त्यानं लग्नात कधी वाजवलं न्हाई. बसून वाजवलं आसंल. पंख्याखाली."

पण त्याच बटनावर त्यांचं नावही उभं होतं. मुलगी सासरी निघाली, की कांतीशेठ माइक खाली ठेवत आणि काका पुढे होत. आवाज पार बंद करायचा, तार छेडायची, आणि मग करंगळीने बटन हळूहळू उघडत न्यायचं. छेडल्याचा टणत्कार कुणाला ऐकूच यायचा नाही. सूर कुठूनतरी उगवायचा, भरून यायचा आणि विरायचा. काका त्याला हुंदका म्हणत. मुलीकडचे तर रडतच. पण घाईत असलेल्या वऱ्हाडाच्या गाडीचा ड्रायव्हर उपरण्याने नाक पुसताना मी स्वतः पाहिलाय. तेव्हा प्रश्न असा होता, की ते बटन करंगळीला जवळ पाहिजे आणि बाकीच्या बोटांना लांब. एकाच हातातलं हे भावकीचं भांडण मिटवण्यात काकांची उमेदीची वर्षं गेली.

बाकी गिटार त्यांनी अंगाला येईल अशी करूनच घेतली होती. कोपरा बरगडीत रुततो म्हणून तो कानशीने घासला. पट्टा खांदा कापतो म्हणून त्याखाली काकूच्या जुन्या पातळाची घडी शिवली. एकदा मीही हौसेने ती गळ्यात अडकवली. काकांनी मला समोरून पाहिलं, बाजूने पाहिलं आणि म्हणाले, "बाळ्या, पोटावर आडवी पडली की रे. ही आता वाजवायची न्हाई, हिच्यावर ताट मांडून जेवायचं." माझं संगीतशिक्षण तिथेच आटोपलं.

बटन हलवायची त्यांची रीत वेगळी होती. भोक पाडलं की पाडलं, ते बुजत नाही; म्हणून आधी कणकेचा गोळा. काकू पोळ्यांना बसली की एक गोळा हळूच पळवायचा, गिटारवर हव्या त्या जागी थापायचा, वर सोड्याच्या बाटलीचं झाकण दाबायचं, आणि ते बटन समजून आठ-पंधरा दिवस वाजवायचं. बोटं आपटली की गोळा चेपे. चेपला की जागा बाद. एका लग्नात उन्हाने ती कणीक फुगली आणि मुंग्यांची रांग गिटारवरून थेट काकांच्या बाहीत शिरली. त्या दिवशी ते असे काही अंग मोडून वाजवत होते, की वरबाप म्हणाला, "आज कलाकार लई रंगात हाय!" काकू घरी सदऱ्यातल्या मुंग्या झटकताना म्हणाली, "माझ्या हातच्या पोळ्या तुमच्यापेक्षा गिटारनंच जास्त खाल्ल्या."

शेवटी एक जागा टिकली. तारांपासून चांगली चार बोटं खाली, जरा मागे. काकांनी स्वतः गिरमिटाने भोक पाडलं, बाजारातल्या टीव्ही दुरुस्तीवाल्याने आतल्या वायरी जोडून दिल्या, आणि त्याच आठवड्यात भोकरदनकडच्या एका लग्नात गिटार नव्या बटनासह उभी राहिली. वरातीत आवाज एकदाही गेला नाही. काका विजयी नजरेने सगळ्यांकडे बघत होते. मग मुलगी निघाली. काकांनी आवाज बंद केला, तार छेडली, आणि करंगळी गेली ती थेट जुन्या जागेवर, जिथे आता रिकामं भोक होतं. काका त्या भोकात करंगळी गोल गोल फिरवत राहिले, डोळे मिटून, अगदी भाव आणून. आवाज शून्य. आईने मुलीला मिठी मारली, मुलगी गाडीत बसली, गाडी गेली, आणि काकांचा हुंदका काही निघाला नाही. कांतीशेठ जवळ येऊन हळूच म्हणाले, "भाऊ, लाइट गेली का?"

काका दोन दिवस जेवले नाहीत. ज्या जागेला जन्मभर शिव्या दिल्या, तिथेच हात राहायला गेला होता. तिसऱ्या दिवशी त्यांनी जुन्या भोकात एक खोटं बटन बसवलं. फिरायचं, पण आत वायर नाही. करंगळी आधी त्याला शिवून येई आणि मग खाली खऱ्या बटनाकडे जाई. देवळात पायरीला हात लावून आत जावं तसं. "हाताला तेवढंच बरं वाटतं," काका म्हणत. "त्याला वाटतं आपलं काहीतरी चालून राह्यलं." मला हे लगेच पटलं. घरात माझी नेमणूक त्याच जागेवर आहे.

पुढे डीजे आले. तारखा कमी झाल्या, कांतीशेठांचा आवाजही कमी झाला, त्याबद्दल मात्र कुणी तक्रार केली नाही. आणि एका हिवाळ्यात, पहाटे उठून चूळ भरताना, काकांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली. जालन्याच्या दवाखान्यात मी उशाशी बसून असे. गोडाऊनवरून थेट तिथे, तिथून घरी, आणि कुणी काही बोललं तर ऐकूही येऊ नये इतका थकलेला. जीभ पहिल्यांदा वळली तेव्हा काकांनी चालायचं कधी ते विचारलं नाही. डॉक्टरांना विचारलं, "करंगळी कवा येईल?"

डॉक्टर भले होते. म्हणाले, हात खांद्यातून आणि कोपरातून हलेल, बोटांचं मात्र सांगता येत नाही. आणि तसंच झालं. उन्हाळ्यापर्यंत काका काठीने खोलीतल्या खोलीत फिरू लागले. अंगठ्याला चिकटपट्टीने पत्ती बांधली की हात खालीवर करून तार छेडता येई. डावा हात तर शाबूतच होता. पण करंगळी लाकडाची. "एकदाच," ते म्हणत, कुणी भेटायला आलं की हटकून म्हणत, "एकदाच माणसांपुढं हुंदका काढायचा हाय. मंग ठिवली गिटार खाली." आलेला माणूस चहा घेई, मान हलवी आणि खरंच डोळे पुसत निघून जाई. नंतर नंतर येणं कमी झालं. एकच इच्छा पुन्हा पुन्हा ऐकणं हे दमवणारं काम आहे.

सगळ्यात जास्त दमली होती काकू. काकांची आंघोळ, कपडे, घास, सदऱ्याच्या गुंड्या. सगळं तिच्याकडे आलं होतं. एका संध्याकाळी ती भाकरीचं पीठ झाकून बाहेर आली आणि म्हणाली, "अहो, ते बटनच फिरवायचं हाय ना? मंग मी फिरवते. काय त्याच्यात!"

काकांनी असं पाहिलं, जसं तिने ट्रॅक्टर चालवते म्हणून सांगितलं असावं.

टीव्ही दुरुस्तीवाल्याने आवाजाचं बटन गिटारमधून काढून लांब वायरीवर बामाच्या रिकाम्या डबीत बसवलं. काका वाजवणार, काकू डबी घेऊन शेजारी बसणार. पहिले कित्येक दिवस त्या घरात हुंदक्याऐवजी भांडण निघालं. "अगं, हुंदका हाय तो, कुकरची शिट्टी न्हाई!" "मंग सांगा ना कवा फिरवू!" "सांगू काय? सांगेपर्यंत तो निघून जातो!" आणखी एक अडचण होती. काका बसल्या बसल्या उजवीकडे कलत. डबी धरायला एक हात, बटन फिरवायला एक हात. काकांना सावरायला काकूने तिसरा आणायचा कुठून? एकदा गाण्याच्या ऐन मध्यात ते गिटारसकट खाटेवर आडवे झाले. काकूने त्यांना उठवून बसवलं, पदराने घाम पुसला आणि डबी खाली ठेवली. "थकले मी," एवढंच म्हणाली.

काकांनी डाव्या हाताने डबी उलटीपालटी करून पाहिली. मी सुट्टीचा म्हणून जाफराबादला आलो होतो; मला म्हणाले, "बाळ्या, आतून कणकेचा गोळा आण." मी आणला. त्यांनी तो डाव्या हाताने काकूच्या तळहातावर ठेवला. "तुझा हात कुठं जातो सांग. तिथं लाव."

काकू गोळा घेऊन उभी राहिली. तिला असं कुणी कधी विचारलं नव्हतं. "माझा हात कुठं जातो?" ती म्हणाली. "माझा हात तुमच्यावरच अडकून राह्यलाय. तिथून सुटला तर कुठं जाईल!" आणि खरंच, बोलताना ती त्यांच्या मागे उभी होती, डावा खांदा धरून त्यांना आपल्याकडे ओढत, कलू नयेत म्हणून. गिटारचा पट्टा त्याच खांद्यावरून गेला होता. काकांनी मान वळवून तिच्या बोटांकडे पाहिलं आणि म्हणाले, "हितंच."

बटन पट्ट्यावर आलं, खांद्याच्या उंचवट्यावर. काकूने त्यांना धरलेलंच असे. अंगठा आणि एक बोट तेवढं हलवायचं. पंधरा दिवसांत भांडण थांबलं. इतकी वर्षं ती सगळी गाणी तिने चुलीपाशी बसून ऐकली होती. कुठे सूर चढतो ते तिला कुणी शिकवायची गरज नव्हती.

कांतीशेठांनी हे येऊन ऐकलं. ऐकताना टोपी काढून मांडीवर ठेवली. त्यांच्या नातीचं लग्न राजूरला ठरलं होतं, गणपतीच्या देवळाजवळच्या कार्यालयात. "भाऊ, डीजे येऊन राह्यला, पोट्ट्यांची जिद हाय," ते म्हणाले. "पण बिदाईला आपली गिटार पायजे. बिलकुल पायजे. वहिनी, तुम्ही पण."

लग्न दुपारचं होतं. मी जीप ठरवली होती. गिटारची पेटी, अँप्लिफायर, काठी आणि काका, सगळं चढवता-उतरवता माझी कंबर गेली, आणि मदतीला आलेल्या प्रत्येकाने मला पोट कमी करायला सांगितलं. काकांना बिनहाताच्या खुर्चीवर बसवलं, कारण हाताच्या खुर्चीत गिटार मावत नाही. काकू मागे उभी राहिली. हळदीचं गाणं, नवरदेव आला, मंगलाष्टकं, जेवणं. काकांना सगळीकडे थोडं थोडं वाजवायचं होतं, आणि ते वाजवतील तोवर काकूला हात काढता येत नव्हता. मी दोनदा पाणी दिलं. जेवायला चल म्हटलं तर म्हणाली, "मी गेले तर हे पडतील."

उन्हं कलली तेव्हा नात निघाली. कांतीशेठ माइकजवळ गेले, तोंड उघडलं आणि तसेच उभे राहिले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या तोंडून गाणं आलं नाही. आमचा डीजे थांबवला होता, पण शेजारच्या कार्यालयातला दणदणत होता, जमीन हलत होती. काकांनी तार छेडली. काही ऐकू आलं नाही. मग हळूहळू तो सूर वर आला, दणदणाटाच्या खालून, पाणी झिरपावं तसा. नात गाडीच्या दारापाशी थांबली. मागे वळली आणि आजोबांच्या गळ्यात पडली. सूर भरत गेला आणि तिथेच थोडा वेळ राहिला. काकांचे डोळे मिटलेले होते. काकूचे उघडे होते. ती गिटारकडे बघतच नव्हती, पोरीकडे बघत होती.

गाडी गेल्यावर काका म्हणाले, "तू जरा आधीच काढलास."

"पोरगी आधी रडली," काकू म्हणाली.

काकांना चूक सापडली नाही असं मी त्यांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच पाहिलं.

कांतीशेठ डोळे पुसत आले. "भाऊ, वा! वैशाखात माझ्या साडूच्या घरी लगीन हाय. तारीख धरू का?" काकांचा चेहरा असा उजळला, की झटक्याने वाकडं झालेलं तोंडही क्षणभर सरळ वाटलं. एकदाच, एकदाच म्हणणाऱ्या माणसाला दुसऱ्यांदाही पाहिजे होतं. मला ते लख्ख दिसलं. पण ते म्हणाले, "मला काहून इचारता शेठ? आवाज तिच्याकडं हाय. तिला इचारा."

काकूने खांद्यावरचा हात काढला. बोटं मिटेनात, म्हणून दुसऱ्या हाताने चोळली. "न्हाई शेठजी," ती म्हणाली. "आता बस. पाय न्हाई राह्यले माझे."

काकांनी खाली पाहिलं. सकाळपासून ती चपला काढून उभी होती. कलाकारांच्या जागेवर चपला घालू नयेत असं तिला वाटलं होतं. घोटे सुजून पायांतली जोडवी मांसात रुतली होती. मग शेठजींना म्हणाले, "बराबर हाय. बस झालं."

एवढंच. त्यानंतर दोन वर्षं ते होते, पण गिटार कुठे बाहेर गेली नाही आणि त्यांनी तसं एकदा सुचवलंही नाही.

परतताना जीपमध्ये मी पुढे बसलो. मागे ते दोघं, आणि त्यांच्या पायांशी गिटारची पेटी. राजूरचं देऊळ मागे पडलं, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कापूस वेचून झालेली रानं. मागून काकांचा आवाज आला.

"पाय वर घे. पेटीवर ठिव."

"काहीतरीच!" काकू म्हणाली. "वाद्याला पाय लावू का?"

"ठिव म्हन्तो ना. उंची बराबर हाय."

मी मागे वळून पाहिलं नाही. थोड्या वेळाने पेटीचं झाकण किंचित करकरलं.